एका देशाचे हजेरीपत्रक : छायाचित्रकार आउगुस्ट झांडर



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी म्हटले, एका जर्मन फोटोग्राफरवर बोलतो. ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले, "त्यात कामगार येतात ना?" मी म्हटले, "त्यात सगळेच येतात." तेवढ्या भांडवलावर मी आज आपल्यापुढे उभा आहे. मी कलेचा जाणकार नाही. शाळा नववीत सुटली, पुढचे शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. जर्मन मला येत नाही. जे वाचले ते इंग्रजीतून, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा कलेच्या परिभाषेत काही चुकले तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे. माणसे बघण्याच्या बाबतीत मात्र मी इतक्या सहज माघार घेणार नाही; तीस वर्षे तोच उद्योग केला आहे.

प्रथम एक फोटो तुमच्या डोळ्यांपुढे उभा करतो. १९२८ सालचा आहे. पाठीमागे सगळा काळोख. मधोमध एक तरुण उभा आहे, डोक्याला टोपी. मानेमागे दोन्ही खांद्यांवर आडवी फळी, फळीवर विटा रचलेल्या, आणि त्या फळीला दोन्हीकडून हातांचा आधार. इमारत नाही, शिडी नाही, मुकादम नाही. तो सरळ आपल्याकडे बघतो आहे. फोटोखाली नाव नाही, नुसते काम लिहिले आहे : जर्मन भाषेत 'हांडलांगर'. म्हणजे कारागिराच्या हाताशी वस्तू पोचवणारा. आपल्याकडे त्याला नेमका एकच शब्द आहे, बिगारी.

आपल्या इकडे कष्टकऱ्याचा फोटो बहुधा दोन प्रसंगी निघतो. भिंत कोसळली, ट्रक उलटला, म्हणजे वर्तमानपत्रात निघतो. तेव्हा तो दीनवाणा असतो. दुसरा निघतो तो पोस्टरवर, १ मे जवळ आला म्हणजे. तिथे त्याचे दंड फुगलेले, मूठ वर, आणि पाठीमागे सूर्य उगवत असतो. अशी पोस्टरे मी स्वतः छापून घेतली आहेत, तेव्हा दोष दुसऱ्याला देत नाही. पण या दोन्ही ठिकाणी बिगाऱ्याला कोणी विचारलेले नसते, की बाबा, तुला कसे उभे राहायचे आहे? १९२८ च्या फोटोतला हा माणूस मात्र विचारून उभा केल्यासारखा उभा आहे. ओझे आहे, पण ओझ्याचे गाऱ्हाणे तो आपल्यापाशी करीत नाही. डॉक्टर गळ्यात नळी अडकवून फोटोला बसतो, तसा हा विटा घेऊन उभा राहिला आहे. हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी युनियनच्या कचेरीतले एक पोस्टर मी भिंतीवरून काढले. सहकाऱ्यांना कारण सांगितले नाही, सांगून पटले नसते.

हा फोटो काढणारा आउगुस्ट झांडर १७ नोव्हेंबर १८७६ रोजी हेरडोर्फ या गावी जन्मला. कोलोन शहराच्या पूर्वेकडे झीगरलांड म्हणून लोखंडाच्या खाणींचा मुलूख आहे, त्यातले हे गाव. बाप खाणीवर सुतारकाम करी. शाळा संपताच आउगुस्टही खाणीवर लागला. वर आलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यावर राबणारा पोऱ्या म्हणून. एके दिवशी खाणीवर एक फोटोग्राफर आला. त्याला मुलूख दाखवायला बरोबर कोणीतरी हवे होते, ते काम या पोऱ्याकडे आले. त्या गृहस्थाने त्याला कॅमेऱ्यातून पाहू दिले. त्या काळच्या कॅमेऱ्याला मागे घासलेली काच असे आणि तिच्यावर समोरचे दृश्य उलटे पडे. पोऱ्याने रोजचाच मुलूख पाहिला, पण खाली डोके वर पाय, आणि त्यात ढग सरकत होते. मुकादमाने त्या दिवशी दुसरा पोऱ्या धाडला असता तर आज मला कामगार कायद्यांवरच बोलावे लागले असते.

पुढे एका नातलगाच्या मदतीने कॅमेरा आला. १८९७ ते १८९९ सक्तीची लष्करी नोकरी ट्रियर येथे झाली. फावल्या वेळात तो तिथल्या एका फोटोग्राफरकडे काम करी. मग गावोगाव हिंडून धंदा शिकला. १९०१ साली ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरी एका स्टुडिओत नोकर म्हणून लागला आणि पुढच्याच वर्षी भागीदारीत त्याचा मालक झाला. त्याच वर्षी आना झाइटनमाखर हिच्याशी त्याचे लग्न झाले. लिंत्सचे त्याचे फोटो आपण पाहिलेत तर हाच तो माणूस काय, असे म्हणाल. त्या काळी फोटो जितका रंगवलेल्या चित्रासारखा दिसेल तितका थोर, अशी समजूत होती. हातकौशल्याने कडा धूसर करीत, पार्श्वभूमी विरघळवीत, बाईच्या गालावर मलमल पसरीत. झांडर या विद्येत तरबेज होता आणि त्याला त्याबद्दल पदकेही मिळाली.

१९१० च्या सुमारास त्याने कोलोनच्या लिंडेनथाल भागात आपला स्टुडिओ थाटला. शहरात नवखा, गिऱ्हाईक पुरेसे येईना. तेव्हा सुटीच्या दिवशी हा गृहस्थ सायकलला कॅमेरा बांधून वेस्टरवाल्डच्या डोंगराळ खेड्यांत जाऊ लागला. तिथली भाषा त्याच्या घरची, माणसे ओळखीच्या वळणाची. शेतकरी घरातून खुर्ची बाहेर आणीत, ठेवणीतले काळे कपडे घालीत, हातात काठी किंवा प्रार्थनेचे पुस्तक घेऊन बसत, आणि झांडर फोटो काढून पैसे घेई. एका मोठ्या कामाची सुरुवात अशी पोटासाठी झाली, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. दानधर्म नव्हता, समाजसेवा नव्हती. शेतकऱ्याने ऑर्डर दिलेली होती, म्हणजे कसे दिसायचे हे ठरवण्याचा थोडा हक्क पैसे देणाऱ्याकडे होता.

शेतकऱ्याच्या दारात मलमल चालली नाही. तिथे काय चालले ते थोडक्यात सांगतो. झांडर काचेच्या प्लेटा वापरी, १३ × १८ सेंटिमीटरच्या. प्लेट म्हणजे काचेवर चांदीच्या क्षाराचा लेप. उजेड बेताचा, लेप मंद, म्हणून झाकण काही सेकंद उघडे ठेवावे लागे आणि तेवढा वेळ माणसाला हलायची सोय नसे. आता तुम्ही घरी जाऊन आरशासमोर पाच सेकंद नुसते उभे राहून पाहा. पहिल्या सेकंदाला आपण हसू ओढून आणतो. तिसऱ्याला ते गळते. आणि पाचव्याला जो उरतो तो आपला चेहरा. हल्लीच्या मोबाइलमध्ये फक्त पहिला सेकंद पकडला जातो. दुसरी गोष्ट, त्या प्लेटा तांबड्या रंगाला आंधळ्या असत. उन्हाने रापलेली कातडी त्यात जास्त काळी उतरे, सुरकुती आणि वांग उठून दिसत. पुढे सर्व रंग ओळखणाऱ्या प्लेटा निघाल्या तरी झांडरने या जुन्या सोडल्या नाहीत. आणि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसण्याची जी कला, जिला आपले स्टुडिओवाले रिटचिंग म्हणतात, तिला या कामापुरता त्याने रामराम ठोकला.

पहिल्या महायुद्धात तो चार वर्षे सैन्यात होता. त्या काळात स्टुडिओ आनाने चालवला. चरित्रांत हे एका ओळीत उरकतात, म्हणून मीही दोन ओळी घेतो : चार मुले झाली, त्यातले एक गेले, नवरा आघाडीवर, आणि ही बाई लढाईवर निघालेल्या शिपायांचे फोटो काढून घर चालवीत होती.

युद्ध संपल्यावर कोलोनमध्ये डाव्या विचारांच्या चित्रकारांचा एक गट होता. फ्रांत्स विल्हेल्म झायव्हर्ट हा त्यांतला मुख्य. हाइनरिख होर्ले, गेर्ड आर्न्त्स हे त्याचे सोबती. ही मंडळी समाजाची बांधणी चित्रातून मांडू पाहत होती : मालक कुठे, कामगार कुठे, कोण कोणाच्या खांद्यावर उभा आहे. झांडरची त्यांच्याशी दोस्ती झाली आणि आपल्या जुन्या शेतकऱ्यांच्या काचांकडे तो नव्या नजरेने बघू लागला. त्या त्याने गुळगुळीत चकचकीत कागदावर छापून पाहिल्या. हा कागद यंत्रांचे किंवा इमारतींचे फोटो छापायचा. माणसाच्या चेहऱ्याला तो कोणी लावीत नसे. त्यावर चेहऱ्याची रेघन् रेघ उतरली. येथून पुढे त्याने एकच ध्यास घेतला : आपल्या काळच्या जर्मन समाजाचे, वरपासून खालपर्यंत, फोटोंचे एक हजेरीपत्रक करायचे. नाव ठरले 'विसाव्या शतकातील माणसे'. विभाग सात : शेतकरी, कारागीर, स्त्री, वर्ग आणि पेशे, कलावंत, शहर, आणि शेवटी आंधळे, आजारी, वेडे, मृत अशांचा 'अखेरची माणसे'.

या हजेरीपत्रकात कोण नाही? तोंडावर पीठ-साखरेची तकाकी असलेला गोल गरगरीत केकवाला भांडे ढवळीत उभा आहे. कोळसा वाहणारा आहे. वकील, पाद्री, कारखानदार, मुष्टियोद्धे, सर्कशीतली माणसे, क्रांतिकारक आहेत. कोलोनच्या रेडिओ केंद्रातली सेक्रेटरी आहे, केस कापलेली, हातात सिगारेट. बँकवाल्याला जेवढा उजेड तेवढाच उजेड बिगाऱ्याला. दोघांपासून कॅमेरा सारख्याच आदबीने दूर. १९२७ मध्ये यातले शंभरएक फोटो कोलोनमध्ये प्रदर्शनात मांडले गेले आणि १९२९ मध्ये साठ फोटोंचे पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ 'काळाचा चेहरा'. प्रस्तावना कादंबरीकार आल्फ्रेड ड्योब्लिनने लिहिली. वॉल्टर बेंजामिन या विचारवंताने १९३१ साली लिहिलेल्या लेखात या पुस्तकाची जी तारीफ केली ती आम्हा चळवळवाल्यांना जवळची वाटावी अशी आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, सत्ता इकडची तिकडे होऊ घातली म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचता येणे ही जगण्याची गरज होते, आणि या पुस्तकावर त्याचा सराव करता येईल. हे लिहिल्यानंतर दोन वर्षांत हिटलर सत्तेवर आला आणि बेंजामिनला देश सोडावा लागला.

यातला एक फोटो जगभर गाजला आहे, त्यावर जरा थांबतो. १९१४ साल. चिखलाच्या रस्त्याने तीन तरुण चालले आहेत. काळे सूट, डोक्याला हॅट, हातात काठ्या. चालता चालता मान वळवून ते कॅमेऱ्याकडे बघतात. नाव 'तरुण शेतकरी'. नाचाच्या कार्यक्रमाला निघाले आहेत. जॉन बर्जर या इंग्रज लेखकाने १९७९ साली या फोटोतल्या सुटांवर एक लेख लिहिला. तो म्हणतो, सूट हा बैठे काम करणाऱ्या वरच्या वर्गाचा पोशाख. नांगरामागे चालणाऱ्या अंगावर तो बसत नाही, उलट त्या अंगाला बेढब करून दाखवतो. लेख फार मार्मिक आहे. मी तो कार्यकर्त्यांच्या शिबिरात वाचूनही दाखवला आहे.

त्या सुमारास आमच्याकडे हमालांच्या नोंदणीचे काम चालू होते. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्याखाली नोंद व्हायची तर ओळखपत्र लागते आणि ओळखपत्राला फोटो. झांडर माझ्या डोक्यात ताजा होता. मी म्हटले, सगळ्यांचा एकेक मोठा फोटोही काढून घेऊ, खांद्यावर गोणी, हातात हूक, आपल्या युनियनच्या स्मरणिकेत छापू. एक वयस्कर हमाल मला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा, हूक रोज बघतोच की. लेकीच्या सासरी फोटो लावायचा हाय. कोट द्या." त्या स्टुडिओत एकच कोट होता. त्या दिवशी तो सतरा जणांच्या अंगावरून फिरला. कोणाला बाही आखूड, कोणाला खांदा उतरलेला. आणि सतराच्या सतरा जण असे काही उभे राहिले की बर्जरसाहेबांचा लेख मला पुन्हा वाचावा लागला.

लेखात खोटे काही नाही. कोट त्यांच्या अंगावर बसत नव्हताच. पण कोट बसत नाही हे बर्जरला दिसते, मला दिसते. त्या हमालाला ते ठाऊक नव्हते असे समजणे हा आमचा शहाणपणा. त्याला त्या फोटोत हमाल म्हणून जायचे नव्हते, मुलीचा बाप म्हणून जायचे होते. झांडरची मोठी गोष्ट ही की त्याने त्या तीन पोरांना "सूट उतरवा, कुदळ घ्या" असे म्हटले नाही. जसे निघाले होते तसे त्यांना घेतले. मी मात्र हमालांना हूक धरायला सांगायला निघालो होतो, तेही झांडरचे नाव घेऊन!

आता गंमत पुढेच आहे. अलीकडच्या काळात जर्मनीत या तिघांचा शोध लागला. ते शेतकरी नव्हतेच. दोघे लोखंडाच्या खाणीत काम करीत आणि तिसरा खाणीच्या कचेरीत. म्हणजे झांडरने हजेरीपत्रकात हुद्दा चुकीचा मांडला, आणि जगातल्या विद्वानांनी त्या चुकीच्या हुद्द्यावर साठ-सत्तर वर्षे शेतकऱ्याच्या देहयष्टीचा विचार केला. त्या तिघांपैकी एक जण महायुद्धातून परत आला नाही.

येथे झांडरशी माझे भांडण आहे ते मांडतो. आमच्या धंद्यात मस्टर ही पवित्र वस्तू आहे. मस्टरवर हुद्दा चुकला तर पगार कमी पडतो. नाव नसले तर पगारच नाही. कंत्राटदाराची पहिली युक्ती हीच असते : 'बिगारी २०' असे लिहायचे, नावे लिहायची नाहीत. झांडरने बहुतेकांची नावे लिहिली नाहीत. त्याला माणसाच्या द्वारे काळ दाखवायचा होता, व्यक्ती नव्हे, हे मला समजते. पण साहेबाचे नाव इतिहासात कुठे ना कुठे राहतेच. बिगाऱ्याचे फोटोखाली लिहिले नाही तर कुठेच राहत नाही. शिवाय बायकांचे पाहा. कितीतरी ठिकाणी 'चित्रकाराची पत्नी', 'वास्तुशिल्पकाराची पत्नी' असेच लिहिले आहे. आणि सात विभागांत 'स्त्री' हा एक वेगळा विभाग, जणू स्त्री हाही एक पेशाच. तिसरे म्हणजे, शेतकरी आणि कारागीर यांना झांडरने जितके मनापासून पाहिले तितके कारखान्याच्या आतल्या कामगाराला पाहिले नाही. र्‍हाइन आणि रूरच्या गिरण्या-भट्ट्यांचा तो मुलूख. पण कारखान्यात शिफ्टवर राबणारा माणूस या कामात मानाने कमी आहे.

एवढे भांडूनही, १९२८ चा आणखी एक फोटो मी विसरू शकत नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर, भिंतीला लागून एक माणूस उभा आहे. डोके भादरलेले, अंगात जुना कोट, हॅट काढून दोन्ही हातांत पोटाशी धरलेली. रस्ता पाठीमागे धूसर होत गेलेला. खाली शब्द : 'बेकार'. गवंड्याच्या हातात थापी, आचाऱ्याच्या हातात डाव, आणि या माणसाच्या हातात काय, तर स्वतःचीच हॅट. काम गेलेल्या माणसाला हातांचे काय करावे ते कळत नाही. गिरणी बंद पडल्यावर फाटकापाशी उभी राहिलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. कोणी हात खिशात घालतो, कोणी उगाच पिशवीची घडी घालतो. हे झांडरने टिपले, आणि तेही महामंदी यायच्या आधी.

झांडरचा थोरला मुलगा एरिख, जन्म १९०३. तत्त्वज्ञान शिकलेला, डाव्या चळवळीत पडलेला. आधी कम्युनिस्ट पक्षात, नंतर समाजवादी कामगार पक्षात. वडिलांच्या 'शिकत शिकत काम करणारे विद्यार्थी' या १९२६ च्या फोटोत तोही आहे. १९३४ मध्ये नाझींनी त्याला पकडले आणि राजद्रोहाबद्दल दहा वर्षांची सजा दिली. १९३६ मध्ये 'काळाचा चेहरा' या पुस्तकाच्या शिल्लक प्रती जप्त झाल्या आणि छपाईचे ठसे नष्ट करण्यात आले. त्या पुस्तकात कोणाविरुद्ध एक वाक्य नव्हते. फक्त साठ माणसे होती, आणि ती सरकारने ठरवलेल्या एका उंच गोऱ्या ठशात बसत नव्हती. झांडर यानंतर र्‍हाइन नदीचे, डोंगरांचे, झाडांचे फोटो काढू लागला. चरित्रकार लिहितात की तो निसर्गाकडे वळला. घरातला एक माणूस तुरुंगात असलेल्या कुटुंबाला पोलिसांचे डोळे चुकवायचे असतात, हेही त्यात धरावे.

पण माणसांचे फोटो थांबले नाहीत. १९३८ च्या सुमारास कोलोनचे ज्यू नागरिक ओळखपत्रासाठी, देश सोडण्याच्या कागदपत्रांसाठी फोटो काढायला त्याच्याकडे येऊ लागले. ओळखपत्राचा फोटो म्हणजे काय हे मी वर सांगितले. सरकारला चेहरा हवा असतो, माणूस नको असतो. झांडरने त्यांना खुर्चीवर बसवले, मऊ उजेड दिला, आणि पूर्वी बँकवाल्याचा जसा काढला तसाच आदबीने त्यांचा फोटो काढला. कोणी खाली पाहते आहे, कोणी कुठेच पाहत नाही. यातले बारा फोटो पुढे त्याने आपल्या मोठ्या कामात घातले आणि त्या संचाला नाव दिले 'छळ झालेले'. पुढे संशोधकांनी त्यांतल्या कित्येकांची नावे शोधून काढली आहेत. काही परदेशी जाऊन वाचले, काही छावण्यांत मारले गेले. या फोटोंपाशी आले म्हणजे नावांबद्दलचे माझे भांडण माझ्या बाजूने निकालात निघते, पण त्याचा आनंद होत नाही.

त्याच वर्षांत, त्याच स्टुडिओवाल्याने नाझी पक्षाच्या गणवेशधारी लोकांचेही फोटो काढले, एस.एस.च्या एका कॅप्टनचासुद्धा. तोच उजेड, तेच अंतर. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. मुलगा तुरुंगात, आणि बाप त्याच्या वैऱ्याला खुर्ची देतो! आमच्या चळवळीत अशा माणसाला आम्ही बोलायचे बंद झालो असतो. पुढे बऱ्याच महिन्यांनी ते पुस्तक पुन्हा उघडले. एस.एस.वाल्याचा फोटो पाहिला. त्यात राक्षस दिसत नाही. एक माणूस दिसतो, आपल्या वस्तीत कोणाचाही जावई शोभेल असा. राक्षस दाखवला असता तर जर्मन लोकांची त्यातून सुटका झाली असती. तरीही माझ्या मनातली अढी पूर्ण गेलेली नाही, हे कबूल करतो. मी त्याच्या जागी असतो तर कॅमेऱ्यावर कापड टाकले असते, आणि मग आज आपल्याला दाखवायला तो फोटो नसता.

तिकडे झीगबुर्गच्या तुरुंगात एरिखला तुरुंगाच्या फोटोचे काम मिळाले. फोटोग्राफरचा मुलगा, काम येत होते. त्याने स्वतःचे आणि आपल्या बरोबरच्या राजबंद्यांचे फोटो काढले आणि ते चोरून घरी पोचवले. बापाने ते जपून ठेवले आणि आपल्या हजेरीपत्रकात 'राजकीय कैदी' म्हणून घातले. एरिखचा एक फोटो त्यात आहे. कोठडीतले टेबल, पुस्तके, मान वळवून बघणारा मुलगा. मार्च १९४४ मध्ये, शिक्षा संपायला काही महिने उरले असताना, एरिख तुरुंगात वारला. पोटातले आंत्रपुच्छ फुटले होते आणि वेळेवर उपचार झाले नव्हते.

झांडर तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. बॉम्बफेक सुरू झाल्यापासून तो आपल्या काचा कोलोनमधून थोड्या थोड्या करून वेस्टरवाल्डमधल्या कुखहाउझेन या खेड्यात हलवीत होता. दहा हजारांवर काचा त्याने अशा वाचवल्या. वजनाचा ज्यांना अंदाज आहे त्यांनी एक खिडकीची काच हातात धरून मग गुणाकार करावा. १९४४ मध्ये शहरातला स्टुडिओ बॉम्बखाली गेला. तळघरात ठेवलेल्या पंचवीस ते तीस हजार निगेटिव्ह मात्र वाचल्या होत्या. युद्ध संपले, आणि १९४६ मध्ये त्या तळघराला आग लागून त्या जळाल्या. सायकल मारीत ज्या शेतकऱ्यांच्या दारात गेला त्यांच्याच मुलखात तो उरलेले आयुष्य राहिला, तिथेच डार्करूम मांडून जुन्या काचा छापीत बसला. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला 'द फॅमिली ऑफ मॅन' हे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले, त्यात त्याचे काही फोटो होते. ते प्रदर्शन १९५६ साली मुंबईतही आले होते. तेव्हा आपल्यातल्या कोणाच्या वडिलांनी किंवा आजोबांनी कदाचित झांडरचा एखादा शेतकरी, नाव न वाचता, पाहिलाही असेल. १९५७ मध्ये आना गेली. २० एप्रिल १९६४ रोजी झांडर गेला. पुस्तक त्याच्या हातून पुरे झाले नाही. दुसऱ्या मुलाने, गुंथरने, १९८० मध्ये मोठी आवृत्ती काढली. २००२ मध्ये सात खंड निघाले, ६१९ फोटोंचे. अगदी शेवटच्या संचात, आंधळे आणि आजारी यांच्याही पुढे, झांडरने एरिखच्या मृत चेहऱ्यावरून घेतलेल्या मुखवट्याचा फोटो ठेवला आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, तेव्हा आटोपतो. साठ फोटोंच्या त्या पुस्तकाची नवी आवृत्ती मी बरोबर आणली आहे. मागच्या टेबलावर आहे. सर्वांनी पाहावी, बिगारी मधल्या पानांत सापडेल, तिथे मी बसच्या तिकिटाची खूण ठेवली आहे. पाने मात्र कृपा करून बोट ओले करून उलटू नयेत. पुस्तक वाचनालयाचे आहे आणि माझ्या नावावर आहे.